गेम खेळताना स्क्रीन अचानक काळी, कार्डाचे पंखे फुल स्पीडवर. कार्ड गेलं का?

माहीम_हलवा

नमस्कार मंडळी. दहा दिवसांपासून हा लोचा सुरू आहे. गेम सुरू केला की २० ते ४० मिनिटं सगळं मस्त चालतं. मग एका क्षणात मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे विमान उडाल्यासारखे घोंघावायला लागतात. गंमत म्हणजे हेडफोनमध्ये गेमचा आवाज आणखी १०-१५ सेकंद येत राहतो आणि कॉलवरच्या मित्रांनाही माझं बोलणं ऐकू जातं. शेवटी पॉवर बटण दाबून धरूनच बंद करावं लागतं. परत चालू केल्यावर काही झालंच नाही अशा थाटात विंडोज येतं. लगेच पुन्हा गेम लावला तर मात्र पाच-दहा मिनिटांतच तेच.

कॉन्फिगरेशन: रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०८० १० जीबी (सेकंडहँड, दोन ८-पिन सॉकेटवालं), ७५० वॅट गोल्ड मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा (चार वर्षं जुना), ११०० व्हीएचा यूपीएस. खोलीत एसी नाही, दुपारी ३२-३३ अंश असतात. घर समुद्राजवळ.

ड्रायव्हर नवा टाकला, मग जुना टाकला, दोन्हींनी फरक पडला नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसतंय, म्हणजे एसएमपीएस गेला ना? दुकानदार म्हणतो कार्ड 'रीबॉल' करावं लागेल, म्हणजे चिप काढून तिच्याखालचे सोल्डरचे टाके नव्याने घालायचे. पैसे घालायच्या आधी इथे विचारतोय.

---

ओहमचा_नियम

रीबॉलचं नाव एवढ्यात काढू नका. आधी कार्ड कसं मेलं ते बघा. निम्मं निदान त्यातच असतं.

'कर्नल-पॉवर ४१' वाचून घाबरू नका. त्याचा अर्थ फक्त इतकाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नाही. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी हीच नोंद पडते. त्या नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'पॉवर बटण टाइमस्टँप' असं एक खातं असतं. तिथे शून्याऐवजी लांबलचक आकडा असेल, तर ती नोंद तुमच्याच अंगठ्याची आहे. तुमच्याकडे तसंच निघेल. खरी नोंद तिच्या काही मिनिटं आधीची शोधा. 'डिस्प्ले' या स्रोताची ४१०१ किंवा एनव्हिडिया ड्रायव्हरच्या नावाने १३, १४, १५३ यांपैकी काही दिसतं का बघा. विंडोजच्याच रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये 'लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१' असेल तर तेही लिहा.

आता लक्षणांकडे. कॉम्प्युटर जागच्या जागी रीस्टार्ट झाला, किंवा खटकन बंद पडून मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठतच नाही, तर पहिला संशय एसएमपीएसवर. दुसऱ्या प्रकारात त्याचं संरक्षण लागलेलं असतं. स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, रंगीत ठिपके, ताणलेले त्रिकोण दिसून मग लटकलं तर मेमरी चिप किंवा तिचे टाके. स्क्रीन एक-दोन सेकंद काळी होऊन परत आली आणि गेम तेवढा 'डिव्हाइस रिमूव्ह्ड' म्हणत बंद झाला, तर ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक (मुद्दाम वाढवलेला वेग) किंवा काठावरचं व्होल्टेज. विंडोज कार्डाला उत्तर द्यायला दोन सेकंद देतं, नाही दिलं तर ड्रायव्हर उचलून आपटतं. ही मुदत रजिस्ट्रीत वाढवायचा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. तुमच्या केसमध्ये त्याचा उपयोग शून्य, कारण तुमचं कार्ड उशीर करत नाही, ते निघूनच जातंय.

आवाज चालू आहे, कॉल चालू आहे, म्हणजे प्रोसेसर, रॅम, बोर्ड, नेट सगळं जिवंत आहे. फक्त कार्ड बसवरून, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या वाटेवरून, उतरलं. पंखे फुल का, तर चार तारांच्या पंख्याला वेगाचा इशारा मिळेनासा झाला की तो आपोआप पूर्ण वेगाने फिरतो. इशारा देणारं डोकं बंद पडलं आणि पंख्यांना १२ व्होल्ट मात्र मिळतायत, असा त्याचा अर्थ. असं डोकं बंद पडण्याची मुख्य कारणं दोन: कार्डाला येणारी वीज क्षणभर खाली गेली, किंवा कुठेतरी तापमानाची शेवटची हद्द ओलांडली.

म्हणून आता नोंद हवी. एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, सेन्सर वाचायचा अवधी २००० मिलिसेकंदांवरून ५०० वर आणा, लॉगिंग सुरू करून गेम लावा. स्क्रीन गेल्यावर फाइल शाबूत राहते. तिच्या शेवटच्या २०-३० ओळींतून एवढं काढा: कोअर तापमान, हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात गरम बिंदू), मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान), एकूण वॅट, आणि तीन व्होल्टेज: स्लॉटचं (कार्ड बोर्डात बसतं ती खाच), ८-पिन क्रमांक १ चं, ८-पिन क्रमांक २ चं. मधल्या वेळात आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ७० टक्के करून एकदा खेळून बघा.

आणि कार्डाला केबल कशा लावल्यात? एसएमपीएसकडून दोन वेगळ्या, की एकाच केबलला दोन तोंडं?

---

विरार_फास्ट

भावा, मुंबईत व्होल्टेज वरखाली होतंच. पावसाळ्यानंतर तर विचारू नकोस. चांगला स्टॅबिलायझर घे, विषय संपेल. आणि ११०० व्हीएचा यूपीएस ३०८० ला कमीच पडतो.

---

ओहमचा_नियम

@विरार_फास्ट, स्टॅबिलायझरवर पैसे घालायला लावू नका. हल्लीचे बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही काम करतात. २३० चे २०० झाले तरी कार्डाकडे जाणाऱ्या १२ व्होल्टला पत्ता लागत नाही. आणि भिंतीतली वीज खरंच डुबली असती तर अख्खा कॉम्प्युटर बसला असता. इथे आवाज चालू आहे.

यूपीएसचा हिशेब: ११०० व्हीए म्हणजे अशा साध्या यूपीएसमध्ये साधारण ६६० वॅट. कार्ड ३२०, प्रोसेसर ७५-८०, बाकी सगळं मिळून ५०, वर एसएमपीएसची घट धरली तर भिंतीतून ५०० च्या आसपास. मॉनिटर धरूनही बसतं. ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटवाला असता तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. तो गेमच्या मध्यावर शिट्टी मारून सगळंच बंद करतो.

अर्थिंग मात्र वेगळी गोष्ट. जुन्या चाळीत, विशेषतः नंतर ओढलेल्या वायरिंगमध्ये, तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना, ते हेच. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. अशा मशीनला टीव्हीची एचडीएमआय केबल चालू अवस्थेत खुपसली तर पोर्ट जायची भीती असते. वायरमनला न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा: एक-दोन व्होल्ट ठीक, दहा-वीस दिसले तर बिल्डिंगच्या अर्थिंगकडे बघायला हवं. पण या धाग्यातल्या बिघाडाचं कारण ते नव्हे.

---

माहीम_हलवा

पॉवर बटणवाल्या खात्यात खरंच मोठा आकडा निघाला, मीच गुन्हेगार. त्याच्या चार मिनिटं आधी एनव्हिडियाची १४ नंबरची नोंद आहे आणि रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये १४१.

शेवटच्या ओळींतले आकडे: कोअर ७४, हॉटस्पॉट ९६, मेमरी जंक्शन १०४. एकूण ३१६ वॅट. स्लॉट १२.०२ व्होल्ट, ८-पिन क्र. १ वर ११.८२, क्र. २ वर ११.४१. गेम सुरू व्हायच्या आधी तिन्ही १२.१ च्या वर होते.

७० टक्के पॉवर लिमिटवर दोन तास खेळलो, काहीही झालं नाही!! म्हणजे एसएमपीएसच कमी पडतोय ना? ८५० वॅटचा बघू का?

केबल एकच आहे, तिलाच दोन तोंडं. फरमार्क (कार्डावर ताण देणारी चाचणी) अर्धा तास चालवला, त्यात पास.

---

ठाणे_स्लो

थांब, थांब. ७० टक्क्यांवर चालला म्हणून एसएमपीएस गुन्हेगार, हा हिशेब इथे सगळेच करतात आणि तो अर्धवट आहे. पॉवर कमी केलीस तेव्हा वीज कमी झाली आणि तापमानही कमी झालं. दोन संशयित एकाच वेळी खोलीबाहेर काढले आणि चोरी थांबली. चोर कोण, ते कुठे कळलं?

दोघांना वेगळं करायचं तर एकाला धरून दुसऱ्याला हलवावं लागेल.

पहिली चाचणी, कार्ड गार पण वीज पूर्ण. पॉवर लिमिट १०० टक्के. आफ्टरबर्नरमध्ये पंखा हाताने १०० टक्के. कॅबिनेटची बाजूची काच काढ आणि समोर टेबल फॅन लाव. हॉटस्पॉट १२-१५ अंशांनी उतरेल. तरीही कार्ड मेलं, तर कोअर आणि मेमरीची उष्णता निर्दोष.

दुसरी चाचणी, कार्ड गरम पण वीज कमी. पॉवर लिमिट ६५ टक्के, काच बंद, पंखा ३५-४० टक्क्यांवर अडकव. वॅट कमी असले तरी वारा कमी म्हणून हॉटस्पॉट हळूहळू परत ९५ वर येईल. मेमरी १०६ च्या वर जाऊ लागली तर पंखा थोडा वाढव. ही जीडीडीआर६एक्स मेमरी ११० ला स्वतःचा वेग पाडते, तिथवर न्यायचं काम नाही. तासभर टिकलं, तर उष्णतेला सोडून द्यायचं.

तुझे आकडे बघता मला उष्णतेवर फार संशय नाही. कोअर आणि हॉटस्पॉटमध्ये २२ अंशांचा फरक आहे. दहा ते वीस नेहमीचा, तीसच्या वर गेला की चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बाजूला सरकली किंवा हीटसिंक वाकडा बसलाय असं समजायचं. तू सीमेच्या अलीकडे आहेस. मेमरी १०४ मात्र मला आवडलेली नाही. सेकंडहँड कार्ड, मेमरीची उष्णता हीटसिंककडे नेणारे पॅड सुकले असणार. ते या बिघाडाचं कारण नसलं तरी एक दिवस तिकडे जावंच लागेल.

फरमार्क पास झाला त्याला फारशी किंमत देऊ नकोस. तो सपाट रस्ता आहे: ड्रायव्हर कार्डाला पॉवर लिमिटच्या भिंतीला टेकवून ठेवतो आणि वॅट एकाच जागी उभे राहतात. गेम म्हणजे घोडबंदर रोड. मेन्यूत ३०० फ्रेम, मग लोडिंगला शून्य, मग स्फोट. हे कार्ड ३२० वॅटचं म्हणतात, पण काही मिलिसेकंदांसाठी ते ४०० च्या वर उडी मारतं, आणि तुझा लॉग ५०० मिलिसेकंदांनी एकदा बघतो, त्याला ही उडी दिसणारच नाही. गेमशिवाय तपासायचं असेल तर ओसीसीटी या सॉफ्टवेअरची थ्रीडी अ‍ॅडॅप्टिव्ह चाचणी लाव, तिच्यात लोड सारखा चालू-बंद करणारा 'स्विच' प्रकार आहे.

---

ओहमचा_नियम

ठाणेकरांच्या दोन्ही चाचण्या कराच, पण ११.४१ हा आकडा पाहून मी आधीच एका बाजूला झुकलोय.

तीन व्होल्टेज शेजारी शेजारी ठेवून वाचा. स्लॉटची वीज २४-पिनच्या जाड जुडग्यातून बोर्डमार्गे येते, ८-पिनची थेट केबलने. उगम एकच, एसएमपीएसची १२ व्होल्टची पट्टी. एसएमपीएस दमला असता तर तिन्ही आकडे सोबत खाली आले असते. स्लॉट १२.०२ वर निवांत बसलाय, म्हणजे एसएमपीएसकडून वीज नीट निघते आणि वाटेत सांडते. ८५० वॅटचा एसएमपीएस घेऊन त्याला अशीच केबल लावलीत तर खिसा हलका होईल, बिघाड राहील.

कुठे सांडते तेही आकडेच सांगतात. एसएमपीएसपासून पहिल्या तोंडापर्यंतची तार दोघांची सामाईक आहे. तिथे स्लॉटच्या तुलनेत ०.२० व्होल्ट पडलेत, इतक्या प्रवाहाला ते चालण्यासारखं आहे. पहिल्या तोंडापासून दुसऱ्यापर्यंत हातभरही नाही, फक्त वीतभर तार. तेवढ्यात आणखी ०.४१ व्होल्ट गेले. चांगल्या तांब्याच्या त्या तुकड्यात ०.०२ सुद्धा पडायला नकोत. म्हणजे हे व्होल्ट तारेत जात नाहीत, ते दुसऱ्या तोंडाच्या पिनांवर जातायत. त्या तोंडातून अंदाजे साडेदहा अँपियर वाहतो असं धरा, गुणिले ०.४. चार वॅटहून जास्त उष्णता, आणि तीही नखाएवढ्या प्लास्टिकच्या आत.

दोन तोंडांची केबल का वाईट, तेही यातच आलं. ३२० पैकी ६० वॅट स्लॉटने दिले तर उरलेले २६० केबलने यायचे: साडेएकवीस अँपियर. केबलमध्ये १२ व्होल्टच्या तारा तीन, म्हणजे एसएमपीएसकडच्या टोकाला प्रत्येक पिनेवर सात-सव्वासात अँपियर. त्यातली एक पिन ढिली झाली की तिचा वाटा बाकी दोघींवर, पावणेअकरा. दोन वेगळ्या केबल लावल्या की हाच आकडा ३.६ वर येतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने बदलते म्हणून ती चौथाई होते. २०० वॅटच्या कार्डाला एक केबल खपून जाते. ३०८० ला नाही.

२०-४० मिनिटांचा उशीरही यात बसतो. पिनेची स्प्रिंग गरम होते, पकड सैल पडते, रोध वाढतो, त्याने आणखी गरम होते. लगेच परत सुरू केलंत तेव्हा पिन अजून गरमच असते, म्हणून पाच मिनिटांत विकेट. त्यात समुद्राची खारी हवा. कथील चढवलेल्या पिना अशा हवेत लवकर काळवंडतात.

बघायचं असं: विंडोज बंद, एसएमपीएसचं मागचं बटण बंद, प्लग काढा, मग पॉवर बटण पाच सेकंद दाबून साठलेली वीज संपवा. लॉक दाबून दोन्ही तोंडं काढा, तार ओढून नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून केबलच्या तोंडात बघा. १२ व्होल्टच्या तीन पिना लॉकच्या विरुद्ध बाजूच्या ओळीत असतात. त्यांच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी, चकाकी गेलेलं, किंवा एखादी पिन बाकीच्यांपेक्षा आत सरकलेली दिसली तर सापडलं. कार्डावरचं सॉकेट आणि एसएमपीएसकडचं टोकही तसंच तपासा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात: दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर केबल लावू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम ज्याचा त्याचा. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळा असतो. तोंड बसलं म्हणजे जुळलं असं नाही. १२ व्होल्ट ग्राउंडवर गेले की मग खरोखर रीबॉलवाल्याकडे जावं लागेल. आणि मोलेक्सचं (जुन्या चार पिनांच्या प्लगचं) ८-पिन करणारे ते जुगाडू कनेक्टर कचऱ्यातच शोभतात.

---

माहीम_हलवा

सापडलं!

पहिली चाचणी: पूर्ण वीज, टेबल फॅन, हॉटस्पॉट ८२. अठराव्या मिनिटाला मेलं. दुसरी चाचणी: ६५ टक्के, हॉटस्पॉट ९५, मेमरी १०४. एक तास दहा मिनिटं, काही नाही.

मग केबल काढली. दुसऱ्या तोंडात, कडेच्या एका १२ व्होल्टच्या पिनेभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी गोल. ती पिन किंचित आतही गेलीय. तोंड काढताना इतर पिनांच्या मानाने तिथे चिकटल्यासारखं वाटलं. कार्डाच्या सॉकेटमध्ये त्याच जागची पिन करडी पडलीय, पण प्लास्टिक सरळ आहे, वितळलेलं नाही. एसएमपीएसच्या खोक्यात दुसरी ८-पिन केबल निघाली, चार वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत पडून होती.

ती लावायच्या आधी कार्डाची करडी पिन साफ कशी करू? शेजारचा म्हणतो खोडरबरने घास.

---

लॅमिंग्टन_सोल्डर

खोडरबर आत जाणारच नाही, आणि जिथे जातो, म्हणजे कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर, तिथेही तो शेवटचा उपाय. रबर म्हणजे बारीक पॉलिश पेपर. सोन्याचा थर इतका पातळ असतो की दर दिवाळीच्या साफसफाईत घासत गेलात तर खालचं निकेल बाहेर येतं आणि मग खरी कटकट सुरू होते. पट्ट्यांना ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड बस झालं. मेडिकलमध्ये मिळतं ते ७० टक्क्यांचं, त्यात बाकी पाणी. ते नको.

सॉकेटच्या पिनेसाठी: कार्ड बाहेर काढून आडवं ठेवा. टूथपिकच्या टोकाला अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाची पट्टी गुंडाळा आणि पिनेच्या चारही बाजू हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर, ब्लेड, सुई काही नाही, कथलाचा थर खरवडलात तर आतलं पितळ महिन्याभरात परत काळं होतं. पंधरा मिनिटं सुकू द्या. मग नवीन केबल तीन-चार वेळा घाला-काढा, पिना एकमेकींना घासून ताज्या होतात. शेवटी 'टक्' ऐकू आलं पाहिजे. आवाज नाही आला तर बसलं नाही.

केबल तोंडापासून लगेच वाकवू नका. काच लावताना केबल दाबली जाते आणि पिना एका अंगाला कलतात, या जागा जळण्यामागे ते नेहमीचं कारण. चार बोटं सरळ जाऊ द्या, मग वळवा.

पुसल्यावरही नव्या केबलवर क्र. २ चं व्होल्टेज क्र. १ पेक्षा ०.१ हून जास्त खाली राहिलं, तर सॉकेट बदलून घ्या. काम लहान आहे, पण घरच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने करू नका. त्या पिना बोर्डातल्या तांब्याच्या जाड थरांना जोडलेल्या असतात, ते थर सगळी उष्णता पिऊन टाकतात. सोल्डर वितळत नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि भोकातला तांब्याचा अस्तर उपटून येतो. खालून बोर्ड तापवून वरून काढायचं काम आहे, दुकानात तेवढं सामान असतं.

आता रीबॉलबद्दल, कारण दुकानदाराने ते न उघडता सांगितलंय. गेम दोन तास चालतो, ठिपके-चौकोन नाहीत, मेमरीची तक्रार नाही, अशा कार्डाचे टाके सुटलेत म्हणायला काहीच आधार नाही. आणि बऱ्याचदा 'रीबॉल'च्या नावाखाली नुसती हॉट एअर मारून देतात. त्याने कार्ड काही आठवडे चालतं आणि मग आधीपेक्षा वाईट स्थितीत परत येतं. लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, कुठल्याही गाळ्यात कार्ड द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. नेमका कुठला भाग गेलाय? १२ व्होल्टच्या फ्यूजनंतर, कोअरवर आणि मेमरीवर ग्राउंडच्या तुलनेत किती ओहम दाखवतंय? काम झाल्यावर तासभर लोडवर चालवून समोर दाखवणार का? ओहम सांगता येत नसतील तर कार्ड उचला आणि बाहेर पडा. बाहेर पडताना सिरियल नंबरचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या.

---

विरार_फास्ट

स्टॅबिलायझरवाला शब्द मागे घेतो. माझाही एक प्रश्न, ३०७० वर एकच दोन तोंडांची केबल आहे, कधी काही झालं नाही. बदलू का?

---

ठाणे_स्लो

२२० वॅट आहे, आग लागणार नाही. खोक्यात दुसरी केबल असेल तर लाव, फुकट आहे. नसेल तर आधी एचडब्ल्यूइन्फोत दोन्ही ८-पिनचं व्होल्टेज लोडवर बघ. ११.८ च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर झोप शांत.

---

माहीम_हलवा

अपडेट. पिन पुसली, दोन वेगळ्या केबल लावल्या. पॉवर लिमिट १०० टक्के, काच बंद, टेबल फॅन नाही. स्लॉट १२.०३, क्र. १ वर ११.९६, क्र. २ वर ११.९३. शनिवारी चार तास सलग, रविवारी पाच. ओसीसीटीचा स्विच प्रकार एक तास. एकदाही काळी नाही झाली.

मेमरी अजून १०२-१०४. पॅड बदलायचे तर कुठल्या जाडीचे घेऊ? एक मिमी चालतील?

---

लॅमिंग्टन_सोल्डर

अंदाजाने घेऊ नका. एकाच कार्डावर पुढच्या बाजूला, मागच्या प्लेटखाली आणि मॉस्फेटवर (कार्डाची वीज सांभाळणाऱ्या चिपांवर) वेगवेगळ्या जाडीचे पॅड असतात: १, १.५, २ मिमी, काही मॉडेलमध्ये २.२५ सुद्धा. मेमरीवर अर्धा मिमी जाड पॅड पडला की हीटसिंक कोअरवरून उचलला जातो आणि ९६ चा हॉटस्पॉट १०५ ला जाऊन बसतो. उघडल्यावर जुन्या पॅडची न दाबलेली कड व्हर्नियरने मोजा, मधला दाबलेला भाग नाही. पॅड मऊ घ्या, कडक पॅडलाही हाच त्रास. कोअरची पेस्ट त्याच वेळी बदला, चार मधले स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा.

ते होईपर्यंत कार्डाला थोडा आराम द्या. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजची रेषा उघडा, ८५० मिलिव्होल्टचा बिंदू १७५० मेगाहर्ट्झवर आणा, त्याच्या उजवीकडचं सगळं त्याच उंचीला सपाट करा, बरोबरची खूण दाबा. गेममध्ये लटकलं तर १७२० करा, प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा. वॅट चांगलेच उतरतात, फ्रेम मोजक्या जातात, आणि त्या मिलिसेकंदांच्या उड्याही बसतात. ३३ अंशांच्या खोलीत हे मी कायमचंच ठेवायला सांगेन.

---

ओहमचा_नियम

आकडे छान आहेत. शीर्षकापुढे 'सुटलं' लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. ११.९३ महिन्याभराने पुन्हा एकदा बघा, ११.८ च्या खाली सरकत असेल तर सॉकेट बदलायची वेळ आली.

आणि ती जुनी केबल 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून खणात टाकू नका. दुसरं तोंड कटरने कापून टाका. नाहीतर वर्षभराने घरातलंच कुणीतरी ती काढून लावेल.

---

माहीम_हलवा

कापली. पिन प्लास्टिकमधून अर्धी सुटलेलीच होती, हातात आली.